रिबिनीच्या खाली

आमच्या वर्ध्याच्या घरात एक लोखंडी कपाट आहे. बायकोच्या माहेराहून आलेलं. खालचे खण तिच्या साड्यांचे, वरचे माझे. माझ्या खणांत जुन्या सिनेमांच्या आणि मालिकांच्या ब्ल्यू-रे डिस्क आहेत. निळ्या, पातळ डब्या पुस्तकांसारख्या उभ्या लावून ठेवल्या आहेत. नव्या चपलांबरोबर ओल शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांची जी पुडी येते, ती मी घरात कुणाला फेकू देत नाही. पावसाळ्यात त्या सगळ्या पुड्या कपाटात जातात. उन्हाळ्यात त्याचा पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो, म्हणून कपाट मी आतल्या खोलीत घेतलं आणि कूलरचं तोंड तिकडे वळवलं. बायको तेव्हा म्हणाली होती, "कूलर माणसासाठी असते का तुमच्या डब्यांसाठी, थे एकदा सांगा."

शेजारच्यांनाही माझा छंद समजत नाही. ते गंमतीनं विचारतात, "सर, सगयं तर मोबाईलवर भेटते आता. ह्या ताटल्या कायले जमवून राह्यले तुमी?"

मी सांगतो की मोबाईलवरचं आज असतं, उद्या काढून टाकतात. डिस्क घरात राहते.

"घरात काय राह्यते, सर?" ते हसतात. "माणूस नाई राहून राह्यला."

मी देवळीच्या एका शाळेत शिकवतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मीच. आर्वीजवळच्या आमच्या खेड्यातून मला बाहेर काढण्यासाठी आईबाबांनी जे केलं ते मी इथे सांगत बसणार नाही. ते मला माहीत आहे आणि त्यांनाही. कॉलेजात आमचे एक सर दर शनिवारी भिंतीवर चादर लावून जुने सिनेमे दाखवायचे. सिनेमा लक्षपूर्वक पाहायचा असतो, त्यातला उजेड, माणसं कुठे उभी आहेत, कोण चौकटीच्या कडेला आहे, हे मी त्यांच्याकडून शिकलो. त्या सरांचा मी ऋणी आहे. पण डिस्क जमवण्याचं वेड त्यांच्यामुळे लागलं नाही. त्याचं मूळ आईच्या ट्रंकेतल्या एका व्हिडिओ कॅसेटमध्ये होतं.

मी अंगणात रांगत होतो त्या वर्षी हिवाळ्यात आमच्या गावात एका मालिकेचं चित्रीकरण झालं. एका खेड्यातल्या शिक्षकाची गोष्ट होती. शाळेसमोरच्या कडुनिंबाखाली शिक्षक शिकवतो आहे आणि पोरं जमिनीवर बसून ऐकत आहेत, असा एक प्रसंग होता. पोरं गावचीच घेतली. त्यांची तोंडं शिक्षकाकडे आणि पाठी कॅमेऱ्याकडे. सगळ्यांत मागच्या ओळीत, म्हणजे कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात, माझी मोठी बहीण बसली होती. मागे पाहायचं नाही असं तिला बजावून सांगितलं होतं. आई ते अजून सांगते, "तिले जे नको म्हटलं थेच करे. कॅमेरा सुरू झाला अन् पोट्टीनं मागं पाह्यलं. पाह्यलं अन् हासली."

शिक्षकाचं काम करणारा नट बोलत राहिला. ताई हसून पुन्हा पुढे वळली. दिग्दर्शकानं ते तसंच राहू दिलं.

पुढच्या पावसाळ्यात ताई तापानं गेली. आर्वीला नेईपर्यंत उशीर झाला होता. मला यातलं काहीच आठवत नाही. तिची माझ्याकडे एकही आठवण नाही. घरात तिचा फोटोही नव्हता. शेतावर राबणाऱ्या माणसांच्या घरात तेव्हा फोटो लग्नाचा असायचा, लेकरांचा कुठून असणार?

मालिका टीव्हीवर लागली ती त्यानंतर. गावात टीव्ही एकाच घरी होता. आई जायला तयार नव्हती, बायकांनी ओढून नेली. तो प्रसंग आला, ताई वळली, हसली. दोन दिवसांनी आई बाबांना म्हणाली, "अवो, थे पुन्हा पाह्याले भेटन का?"

बाबा सायकलनं आर्वीला गेले. तिथे व्हिडिओ भाड्यानं देणारा एक माणूस होता. मालिका पुन्हा दाखवली गेली तेव्हा त्यानं तो भाग कॅसेटवर उतरवून ठेवला आणि बाबांना दिला. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. पण चाळीशीला आलो तरी त्याची आठवण मी आदरानं काढतो.

माझं बालपण त्या कॅसेटच्या आजूबाजूला गेलं. दिवाळीला आर्वीहून व्हीसीआर भाड्यानं यायचा. गाव सिनेमा पाहायला जमायचं, आणि सिनेमे संपून माणसं पांगली की आई ट्रंकेतून कॅसेट काढायची. पुढे बाबांनी जुना व्हीसीआर विकत घेतला. प्रत्येक वेळी चित्र थोडं आणखी खराब दिसायचं. रंग एकमेकांत उतरले होते. पडद्याच्या खालच्या भागात पांढऱ्या रेघा धावायच्या आणि त्या रेघांच्या मागे एक फिकट गोल वळायचा, हलायचा, पुन्हा वळायचा. ती ताई. मला तिचे डोळे कधी दिसले नाहीत. आई मात्र बोट दाखवून म्हणायची, "पाह्य, गालाले खळी पडली."

मग व्हीसीआर बिघडला तो कायमचा. दुरुस्त करणारे राहिले नव्हते. कॅसेटची डीव्हीडी करून देणारा एक स्टुडिओ होता, पण माझ्या काकांच्या लग्नाची कॅसेट तिथे दिली होती ती परत आलीच नाही, दुकानच उठून गेलं. त्यामुळे आईनं कॅसेट घराबाहेर जाऊ द्यायला साफ नकार दिला. "गेली तर पुन्हा जाईन ती," एवढंच म्हणाली. मी चालू स्थितीतला व्हीसीआर शोधत राहिलो. कॅसेट ट्रंकेत कापडात गुंडाळलेली असायची. हिवाळ्यात आई पापडांसारखी तिला उन्हात ठेवायची. तरी आत पांढरी बुरशी धरलीच. कॅसेटच्या छोट्या खिडकीतून ती दिसायची.

नोकरी लागली तशा मी डिस्क घेऊ लागलो. जुने सिनेमे मूळ निगेटिव्हवरून पुन्हा साफ करून बाहेर येत होते. लहानपणी धुक्यात पाहिलेली माणसं एकदम समोर येऊन उभी राहायची. गर्दीतल्या शेवटच्या माणसाच्या सदऱ्याचं बटण दिसायचं. प्रत्येक डिस्क पाहताना मला तेच वाटायचं की ती मालिकाही फिल्मवर चित्रित झाली होती, तिचंही निगेटिव्ह कुठेतरी असेल. आईला मी हे सांगत असे. ती ऐकून घ्यायची.

एकदा मी घरी गेलो असताना ती तूर निवडत बसली होती. मान खाली ठेवूनच म्हणाली, "बापू, एक सांगू का? मले तिचं तोंड नाई आठवत आता."

मी म्हटलं, "माय, असं कसं?"

"नाई आठवत. खळी आठवते. पण तोंड म्हटलं तर तुह्या पोरीचं येते समोर. मंग मले भेव वाटते."

त्यानंतर मी दर आठवड्याला त्या मालिकेची चौकशी करू लागलो. आणि मागल्या वर्षी खरोखरच जाहीर झालं. मालिका मूळ निगेटिव्हवरून, संपूर्ण हाय डेफिनिशनमध्ये डिस्कवर येणार होती. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून ते पुन्हा पुन्हा वाचलं. आईला फोन केला. तिला हाय डेफिनिशन काय सांगणार? मी म्हटलं, "माय, कॅसेटपेक्षा शंभर पट साफ. तिच्या डोळ्यांतलं काजळ दिसेल."

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ती म्हणायची, आता काय पाह्याचं राह्यलं. त्या फोननंतर ती स्वतः म्हणाली, "दवाखान्यात कधी नेतं?" वर्ध्याला एक डोळा झाला, मग दुसरा. काळा चष्मा लावून ती माझ्या घरी ओसरीत बसायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यांचा रंग सांगायची. शेजारचे म्हणाले, "माय, आता हिरोईन पाह्यजो साफ साफ." ती म्हणाली, "माही हिरोईन पाह्यची हाय मले, तुह्यी नाई."

पार्सल आलं ते थंडीत. मी ते उघडलं नाही. आमच्या घरात नवी वस्तू आली की आई तिला हळदकुंकू लावते आणि मगच ती वापरायला काढतात. सायकल, फ्रिज, माझी पहिली दुचाकी, सगळ्यांना लावलं. ही डिस्क तर तिच्यासाठीच आली होती. एरवी मी डबी हातात पडताच पाठीमागचा बारीक मजकूर वाचतो, डिस्क लावून तपासतो. या वेळी वरचा प्लास्टिकचा कागदही काढला नाही. घरी फोन केला. बाबांनी उचलला.

"आली का?"

"आली बाबा. रविवारी घेऊन येतो. टीव्ही अन् प्लेअर दोन्ही आणतो."

"त्यात सगयं हाय ना?"

"कॅसेटमध्ये होतं ते सगळं. त्याच्याहून जास्त."

रविवारी मी भाड्याची गाडी करून गेलो. आईनं पाट मांडून ठेवला होता. डबी पाटावर ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. कुंकवाचं बोट त्या चकचकीत कागदावर ठरेना, घसरत होतं. मग मी कागद फाडला. काका-काकू, शेजारचे दोघे-तिघे येऊन बसले. बाबा शेतातून आले आणि हातपाय धुऊन दाराशी उकिडवे बसले.

मालिका सुरू झाली. चित्र टीव्हीच्या पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेलं होतं. मला तिथेच काहीतरी खटकलं. ही मालिका जुन्या टीव्हीसाठी, जवळजवळ चौकोनी चौकटीत केलेली. तिच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे असायला हवे होते. मी डबी उलटी करून वाचू लागलो तोवर काकू म्हणाली, "अवं, आपला निंब!"

कडुनिंब आला. त्याची पानं मोजता आली असती इतका स्पष्ट. शाळेची भिंत, भिंतीवरचा चुना. शिक्षक बोलू लागला. त्याच्या समोर पोरांच्या पाठी. आणि पडद्याच्या अगदी खालच्या काठाला लाल रिबिनीचं एक फूल होतं. डोक्यावर बांधलेलं. फक्त फूल. त्याच्या खाली पडदा संपत होता.

फूल वळलं. क्षणभर थरथरलं, हसताना डोकं हलतं तसं. पुन्हा वळलं.

आता सगळ्यांना कळलं होतं, आईला सोडून. ती वाट पाहत होती. प्रसंग संपला तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मागे घेऊन पुन्हा लावलं. फूल वळलं, थरथरलं, वळलं.

"खाली हाय ती," आई म्हणाली. "जरा वरतं सरकव ना चित्र. मोबाईलवर करतं तसं."

मी रिमोटची सगळी बटणं दाबली. चित्र लहान केलं, ताणलं, चेपलं. शिक्षक बुटका झाला, लांब झाला. कडुनिंब आडवा पसरला. काठाखालून काही वर आलं नाही. रुंद टीव्हीचा पडदा भरावा म्हणून कुणीतरी चित्राचा वरचा आणि खालचा पट्टा कापून टाकला होता. वर नुसतं आभाळ गेलं. खाली माझी बहीण.

मी ते समजावून सांगत होतो तेव्हा माझा आवाज वर्गात शिकवतो तसा निघत होता, हे मला ऐकू येत होतं.

आई उठली, टीव्हीजवळ गेली. थांबवून ठेवलेल्या चित्रातल्या फुलाकडे तिनं नव्या डोळ्यांनी बराच वेळ पाहिलं. "टोक उसवलं होतं तिच्या रिबिनीचं," ती म्हणाली. "उदबत्तीचा चटका देऊन धागे जायून देतो म्हटलं होतं म्या. राह्यलंच." मग तिनं पडद्याच्या खाली, जिथे टेबलाचं लाकूड होतं, तिथे हात ठेवला.

मी म्हणालो, "माय, कॅसेट काढ. मी कुठूनही व्हीसीआर आणतो. आता मी स्वतः बसून करून घेतो."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा उठले आणि अंगणात गेले.

आमच्याकडे घरच्या भाकरीपुरती ज्वारी अजून पेरतात. कणसात दाणा भरला की पोपटांचे थवे उतरतात. त्यांना हाकलायला जुन्या कॅसेटची पट्टी काढून उभ्या पिकावर या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापासून बांधापर्यंत, ताणून बांधतात. उन्हात ती चमकते आणि वाऱ्यावर गुणगुणते, पाखरं बुजतात. घरातल्या गाण्यांच्या, भजनांच्या सगळ्या कॅसेट अशाच गेल्या होत्या. पार्सल आल्याचा माझा फोन आल्यावर बाबा आईला म्हणाले होते, पोपटायनं अर्धी ज्वारी खाल्ली. आणि आईनंच ट्रंक उघडली होती. "घेऊन जा," ती म्हणाली होती, "तिले तर बुरशी लागली. नवीन आली आता. बापू म्हणते त्यात सगयं हाय."

मी बाबांच्या मागे शेतात गेलो. पट्टी ज्वारीवर ताणलेली होती, एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर, पुन्हा परत. काळी-तांबूस, चकचकीत. वाऱ्यानं बारीक आवाज करत होती. काही ठिकाणी तुटून कणसांत गुंतली होती, काही ठिकाणी पीळ पडून दोरी झाली होती. बुरशी वाऱ्यानं झडून गेली असावी. बाबा एका टोकापासून ती गोळा करू लागले. बोटांवर गुंडाळत, सुतासारखी. ती तुटत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बुरशी लागली होती," ते म्हणाले. "चालली नसती. चालली असती का?"

मी म्हटलं, "नसती चालली, बाबा."

आम्ही दोघांनी मिळेल तेवढी खताच्या चुंगडीत, रिकाम्या पोत्यात, भरली. दुसऱ्या बाजूनं पोपट यायला सुरुवात झाली होती.

ती चुंगडी घेऊन मी नागपूरला जुन्या कॅसेटवरचं उतरवून देणाऱ्या एका माणसाकडे गेलो. त्यानं चुंगडीचं तोंड उघडून आत पाहिलं आणि हळूच पुन्हा बांधून माझ्या हातात दिली. डिस्क काढणाऱ्या कंपनीलाही मी लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. मूळ निगेटिव्ह संपूर्ण चौकटीचं आहे, सुरक्षित आहे, परंतु दुसरी आवृत्ती काढण्याचा विचार नाही.

घरी जाऊन मी ते आईला वाचून दाखवलं. ती चुलीपुढे बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे हाय तिचं तोंड?"

"आहे."

"कुठी?"

"मुंबईत असेल. थंड खोलीत ठेवतात, डब्यात."

तिनं भाकर उलटवली. चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "त्यानं पाह्यलं असन मंग."

"कुणी?"

"ज्यानं कापलं त्यानं. कुठून कापाचं थे पाह्याले लागते ना. कापाच्या आंधी पाह्यलंच असन त्यानं तिले." तिनं भाकर तव्यावरून उतरवली. "त्याले विचारजो, बापू. कशी दिसे म्हणा."

मी पुन्हा लिहिलं. आईच्या शब्दांत नाही, शाळेत शिकलो त्या मराठीत. अमुक प्रसंगात, चित्राच्या खालच्या भागात, डोक्यावर लाल रिबीन बांधलेली एक मुलगी मागे वळून पाहते. चौकट कापणाऱ्या तंत्रज्ञांना आठवत असल्यास, तिचा चेहरा कसा आहे, ते कृपया कळवावं.

फोन केला की आई आधी तेच विचारते. अजून उत्तर आलेलं नाही.